पेटंटाची चतुःसीमा

घर विकत घेणारा सुज्ञ गृहस्थ खरेदीखतांतील चतुःसीमा दोनदां वाचून पाहतो. भिंती कितीही भक्कम असल्या तरी हद्द ठरते ती लेखांतील शब्दांनीं. नव्या यंत्राचें पेटंट हेंही असेंच एक खत होय. त्यांतील दोनचार शब्दांवरून अमेरिकेंत १९८८ पासून २००७ पर्यंत चाललेल्या एका दाव्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम यंत्राविषयीं. इंजेक्शनच्या सिरिंजा व औषधांच्या कुप्या निर्जंतुक खोलींत भरतात आणि जुळवितात. अशा खोलींत अशुद्धतेचें सर्वांत मोठें मूळ म्हणजे खुद्द मनुष्य. त्याच्या कातडीचे व कपड्यांचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. म्हणून हें काम यंत्राच्या हातानें करून घेणें इष्ट. परंतु यंत्राचा दांडा सिलिंडरच्या आंतबाहेर करूं लागला कीं त्याबरोबर वंगणाचा अंश बाहेर येण्याची भीति असते. यावर एक तोड आहे. सिलिंडर दोन्ही टोकांनीं बंद ठेवावयाचा. आंत दाबाच्या हवेनें सरकणारा दट्ट्या, त्यांत चुंबकें. आणि नळीवर बाहेरून एक बाही चढविलेली. दट्ट्या सरकला कीं बाहीही त्याच्या मागोमाग सरकते. मुलें पुठ्ठ्याखालीं लोहचुंबक फिरवून वरची टांचणी नाचवितात, तोच हा खेळ! अर्थात् हें यंत्र केवळ निर्जंतुक खोल्यांसाठींच नाहीं. शिवणयंत्रांपासून डिस्ने वर्ल्डमधील थंडर माउंटनच्या गाडीपर्यंत त्याचा उपयोग झाल्याचें निकालपत्रांतच नमूद आहे.

या यंत्रासंबंधीं फेस्टो कंपनीकडे दोन पेटंटें होतीं. पैकीं डॉ. स्टॉल यांच्या अर्जावर तपासनिसानें, कार्यपद्धति स्पष्ट होत नाहीं, असा आक्षेप घेतला. तेव्हां अर्ज दुरुस्त करून त्यांत दोन गोष्टी घातल्या गेल्या: हवा रोखणाऱ्या कड्यांची जोडी, आणि चुंबकत्व ग्रहण करणाऱ्या द्रव्याची बाही. १९८२ सालीं पेटंट मिळालें. पुढें एस. एम. सी. या जपानी कंपनीनें तसेंच यंत्र बाजारांत आणलें. त्यांत कडी एकच, पण दुतर्फा हवा रोखणारी, आणि बाही चुंबकत्व न घेणाऱ्या मिश्रधातूची.

फेस्टोचें म्हणणें असें कीं, शब्द निराळे असले तरी काम तेंच, म्हणून हें अतिक्रमणच होय. प्रतिपक्ष म्हणे, पेटंट मिळविण्यासाठीं तुम्हींच हद्द आंत ओढलीत. आतां कुंपण पुन्हां बाहेर कसें सरकवितां?

खालच्या कोर्टाचा कौल फेस्टोला मिळाला. पण २००० सालीं फेडरल सर्किट अपील कोर्टानें ठरविलें कीं, पेटंटासाठीं मागणी संकुचित करणारास त्या भागापुरता तुल्यतेचा आधार मुळींच मिळावयाचा नाहीं. २८ मे २००२ रोजीं सुप्रीम कोर्टानें एकमतानें हा कडक नियम रद्द केला. न्यायमूर्ति केनेडी यांनीं लिहिलेल्या या निकालाचा आशय असा: सोडलेली जागा सोडली असेंच गृहीत धरावें, मात्र तें तुल्य साधन दुरुस्तीच्या वेळीं कल्पनेपलीकडचें होतें, किंवा दुरुस्तीच्या कारणाशीं त्याचा संबंध केवळ ओझरता होता, किंवा अन्य कारणानें तें शब्दांत मांडणें अशक्य होतें, हें पेटंटधारकानें सिद्ध केल्यास त्याचा हक्क टिकावा.

तथापि फेस्टोच्या पदरीं अखेर निराशाच आली. तशी बाही त्या वेळींही कल्पनेंत येण्याजोगी होती, असें अपील कोर्टानें २००७ सालीं ठरविलें. तोंवर पेटंटांची मुदतही संपून गेली होती.

आमच्या मतें सुप्रीम कोर्टानें काढलेला मार्गच न्याय्य आहे. शब्दांची हद्द मुळींच पाळली नाहीं, तर शेजारच्या कारखानदारास आपली जमीन कोठें संपते हें कळणार नाहीं. आणि ती अक्षरशः पाळली, तर एक धातु बदलून दुसऱ्याच्या बुद्धीचें फळ कोणीही तोडून नेईल. आपल्याकडेही १९७० च्या कायद्याच्या कलम ५९ प्रमाणें पेटंटाच्या अर्जांत दुरुस्ती करावयाची ती हक्क सोडणें, चूक सुधारणें किंवा खुलासा करणें एवढ्यापुरतीच. मागाहून हद्द वाढवितां येत नाहीं. आज अनेक कुटुंबांतील मुलेंमुली यंत्रशास्त्र शिकत आहेत. त्यांना आमचें एवढेंच सांगणें कीं, यंत्र घडविण्यांत जितकी रात्र जागवाल, तिच्यांतील एक प्रहर तरी अर्जांतील शब्दांसाठीं राखून ठेवा.