अक्कलकोटची हवा : उपग्रहाचा आकडा आणि जमिनीवरचे यंत्र

दररोज दुपारी दीडच्या सुमारास, अक्कलकोटच्या वटवृक्ष स्वामी समर्थ मंदिर परिसरात भाविकांची वर्दळ सुरू असताना, सुमारे ८२४ किलोमीटर उंचीवरून एक उपग्रह या भागावर नजर टाकतो. २०१७ मध्ये सोडलेल्या 'सेंटिनेल-५पी' या युरोपीय उपग्रहावरील 'ट्रोपोमी' हे उपकरण जमिनीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश टिपते. त्या प्रकाशाचा कोणता भाग वाटेत शोषला गेला, यावरून नायट्रोजन डायऑक्साईड, सल्फर डायऑक्साईड, ओझोन, मिथेन अशा वायूंचे प्रमाण काढले जाते.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. वरील वायू त्या मानाने अत्यल्प, परंतु आरोग्यावर आणि हवामानावर त्यांचा परिणाम मोठा. त्यामुळे उपग्रहाने दिलेला आकडा म्हणजेच अक्कलकोटकर श्वासावाटे घेतात ती हवा काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर 'थेट नाही' असे आहे.

मोजमाप वेगळे, वेळही वेगळी

जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंत हवेचा एक उभा स्तंभ कल्पावा. या संपूर्ण स्तंभात वायूचे किती रेणू आहेत, हे उपग्रह सांगतो. जमिनीवरील यंत्र मात्र आपल्या नळीत आलेल्या हवेपुरतेच बोलते. एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम वायू आहे, हे त्यातून कळते. देशाचे २००९ चे मानक याच मापात आहे. नायट्रोजन डायऑक्साईडची चोवीस तासांची सरासरी ८० आणि वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे ते सांगते. उपग्रहाचा आकडा या मानकाशी जसाच्या तसा ताडून पाहता येत नाही.

दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी येथे एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा कोळशावरील वीजप्रकल्प आहे. अशा प्रकल्पाच्या उंच धुराड्यातून निघालेला वायू वाऱ्याबरोबर उंचावरूनच पुढे सरकत असेल, तर उपग्रहाला तो दिसतो. खाली ठेवलेल्या यंत्राला कदाचित त्याचा पत्ताही लागत नाही. उलट, पहाटे हवेचा खालचा थर उथळ असतो. काकड आरतीला येणाऱ्या वाहनांचा धूर त्या थरात कोंडून राहू शकतो. दुपारपर्यंत ऊन तापते, थर उंचावतो आणि सूर्यप्रकाशात नायट्रोजन डायऑक्साईडचे विघटनही होते. उपग्रह येतो तो नेमका या वेळी.

क्षेत्रफळाचाही फरक आहे. 'ट्रोपोमी'च्या चित्रातील सर्वांत लहान चौकोन साडेतीन बाय साडेपाच किलोमीटरचा, म्हणजे सुमारे १९ चौरस किलोमीटरचा असतो. त्यात बाजारपेठ, बसस्थानक आणि शिवारातील ज्वारी यांची एकच सरासरी निघते. शिवाय पावसाळ्यात ढगांखालची हवा उपग्रहाला दिसत नाही.

दोन आकड्यांची सांगड

या दोन मापांमधील दुवा म्हणून शास्त्रज्ञ जमिनीवरूनच स्तंभ मोजणारी उपकरणे वापरतात. आकाशाकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहून ती वायूचे प्रमाण काढतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने या पद्धतीने नायट्रोजन डायऑक्साईड आणि फॉर्मल्डिहाईडची मोजणी केली आहे. तुलना करताना ढग नसलेला दिवस निवडतात आणि उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या वेळेच्या आसपासच्याच नोंदी घेतात.

जगभरातील अशा केंद्रांच्या तुलनेचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी प्रदूषित भागांत 'ट्रोपोमी'चा नायट्रोजन डायऑक्साईडचा आकडा साधारणतः २३ ते ३७ टक्क्यांनी कमी, तर अतिप्रदूषित भागांत ५१ टक्क्यांपर्यंत कमी आढळला. वायू कोणत्या उंचीवर किती आहे, याचे गृहीतक ढोबळ असणे हे त्याचे एक कारण. त्यानंतर गणनपद्धतीत सुधारणा करण्यात आल्या. जमिनीवरची यंत्रे नसती, तर ही चूक कळण्यास मार्गच नव्हता.

ओझोनचा धडा

याचा सर्वांत मोठा दाखला अंटार्क्टिकाचा आहे. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हॅली बे येथील जमिनीवरच्या डॉब्सन उपकरणाच्या नोंदींवरून ओझोन थराची घट जगासमोर आणली. 'निम्बस-७' उपग्रहानेही ती टिपली होती. मात्र अपेक्षेपेक्षा फार कमी आलेल्या आकड्यांवर गणनपद्धतीने शंकास्पद अशी खूण केली होती. त्या नोंदी पुन्हा तपासल्यावर हे विवर किती विस्तीर्ण आहे, हे उपग्रहानेच दाखवून दिले. एका केंद्राला विस्तार दिसत नव्हता आणि उपग्रहाच्या आकड्यावर विश्वास बसत नव्हता. दोन्ही एकत्र आल्यावर चित्र पूर्ण झाले.

तालुक्याच्या गावांसाठी

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सलग नोंद घेणारे केंद्र सोलापूर शहरात आहे. अक्कलकोट तेथून सुमारे ४० किलोमीटर दूर. शहरातील आकडा येथे लागू पडेलच असे नाही आणि उपग्रहाचा नकाशाही 'हवा शुद्ध' असल्याचा दाखला देऊ शकत नाही. प्रदूषण वर्षागणिक वाढते की घटते आणि ते कोणत्या दिशेला पसरते, एवढे त्यावरून समजू शकते. नवे केंद्र नेमके कुठे उभारावे, हे ठरविण्यास उपग्रह उपयोगी पडतो. पण पहाटे दर्शनाच्या रांगेत उभा असलेला भाविक कोणती हवा घेतो, हे सांगायला त्या रांगेजवळ, जमिनीवरच यंत्र असावे लागते.