करपरिभाषेचा अनुवाद : 'गेवर्बेश्टॉयर' आणि 'व्यवसाय कर'

पारिभाषिक संज्ञेचा अर्थ व्युत्पत्तीपेक्षा तिच्यामागील कायद्यातून निश्चित होतो. जर्मन 'गेवर्बेश्टॉयर' या संज्ञेसाठी इंग्रजीत 'ट्रेड टॅक्स' हा शब्द रूढ आहे. तो मराठीत 'व्यवसाय कर' असा आणल्यास अर्थाचा विपर्यास होतो. कारण महाराष्ट्रात १९७५ च्या अधिनियमाने ही संज्ञा निराळ्याच कराला दिलेली आहे. पांढरकवड्याच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. तेथील वकील, डॉक्टर, प्राध्यापक आणि जिनिंगचा कारखानदार हे सर्व व्यवसाय कराच्या कक्षेत येतात. हा कर राज्य शासन आकारते आणि राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार तो वर्षाला २,५०० रुपयांपलीकडे जात नाही. जर्मनीत मात्र वकील-डॉक्टरांचा स्वतंत्र पेशा 'गेवर्बे' या संकल्पनेत बसत नाही, पगारदारही बसत नाही. कर पडतो तो कारखानदाराच्या उत्पन्नावर, आणि त्याच्या दराचा गुणक स्थानिक नगरपालिका ठरविते.

'उम्झात्सश्टॉयर'चा शब्दशः अर्थ 'उलाढाल कर'. १९६८ पासून त्याचे स्वरूप मूल्यवर्धित कराचे झाल्याने इंग्रजी अनुवादक बहुधा कार्यानुसारी नावच योजतात. हेच तत्त्व लावल्यास पहिल्या संज्ञेसाठी 'स्थानिक उद्योग-व्यापार कर' हा प्रतिशब्द अधिक निर्दोष ठरतो. करविषयक लेखनात चुकीचा प्रतिशब्द हा केवळ शैलीदोष राहत नाही. कर कोणी भरावयाचा, हेच तो बदलून टाकतो.