श्रद्धा, विज्ञानकथा आणि वयात येणाऱ्या नायिका : वाचकांच्या आक्षेपांचे स्वरूप

प्रस्तावना

साहित्याभ्यासात लेखक आणि संहिता यांना जे महत्त्व मिळाले ते वाचकाला मिळू लागले विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली. अमेरिकन समीक्षक स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, अर्थ हा एकट्या वाचकाचा नसून तो ज्या समुदायाच्या सवयींनी वाचतो त्या समुदायाचा असतो, असे प्रतिपादन केले. या संकल्पनांची कसोटी पाहावयाची असेल तर श्रद्धा हा विषय असलेल्या विज्ञानकथा आणि किशोरवयीन व्यक्तीच्या जडणघडणीच्या कादंबऱ्या यांसारखे दुसरे क्षेत्र नाही. येथे वाचकाचे मत आवडीनिवडीपुरते राहत नाही. त्यावरून पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात राहणार की नाही हे ठरते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने मॅडेलिन लेंगल यांची ‘अ रिंकल इन टाइम’ (१९६२) ही अमेरिकन कादंबरी आणि तिच्या अनुषंगाने अन्य काही कृती विचारात घेतल्या आहेत.

‘अ रिंकल इन टाइम’ : दोन बाजूंचे आक्षेप

लेंगल यांच्या हस्तलिखिताला दोन डझनांहून अधिक प्रकाशकांनी नकार दिला होता. पुस्तक मुलांसाठी आहे की मोठ्यांसाठी, हेच त्यांना उमगत नव्हते. अखेर ते प्रसिद्ध झाले आणि १९६३ मध्ये त्याला बालसाहित्यातील प्रतिष्ठेचे न्यूबेरी पदक मिळाले. कथानक थोडक्यात असे : मेग मरी ही शाळेत न रमणारी, चश्मा लावणारी, चटकन रागावणारी मुलगी. तिचे शास्त्रज्ञ वडील बेपत्ता आहेत. तीन गूढ स्त्रियांच्या साहाय्याने मेग, तिचा धाकटा भाऊ चार्ल्स वॉलेस आणि मित्र कॅल्व्हिन हे अवकाश-काळाला पडलेल्या ‘चुणी’तून परग्रहांवर जातात. कॅमाझॉट्झ या ग्रहावर एका देहविहीन मेंदूची सत्ता आहे. तेथे मुलांचे चेंडूही एकाच तालात आपटतात. त्या मेंदूच्या तावडीतून भावाला सोडवण्यासाठी मेगजवळ शेवटी एकच साधन उरते, ते म्हणजे तिचे त्याच्यावरील प्रेम.

लेंगल स्वतः श्रद्धाळू एपिस्कोपल ख्रिस्ती होत्या आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या कॅथेड्रलच्या ग्रंथालयाचे काम त्यांनी दीर्घकाळ पाहिले. कादंबरीत बायबलची वचने ठिकठिकाणी येतात. असे असूनही अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९९० ते १९९९ या दशकासाठी केलेल्या, सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या शंभर पुस्तकांच्या यादीत ही कादंबरी आहे आणि तिच्यावरील आक्षेप मुख्यत्वे ख्रिस्ती पालकांकडून आलेले आहेत.

त्यांतला एक आक्षेप चेटूकविद्येचा. कादंबरीत स्फटिकगोलात पाहणारी एक व्यक्तिरेखा आहे आणि तिन्ही स्त्रियांपैकी एकीचे नाव ‘मिसेस विच’ आहे. हे नाव देवनागरीत लिहिले की ‘कोणती’ आणि ‘चेटकीण’ हे दोन्ही इंग्रजी शब्द एकाच अक्षरांत उतरतात. मूळ इंग्रजीतही हा उच्चारसाम्याचा खेळ लेखिकेने हेतुतः केला आहे. पहिल्यांदा दिसताना ही बाई टोकदार टोपी आणि केरसुणी घेऊनच प्रकटते. परंतु पुढे या स्त्रिया देवाचे दूत असल्याचे सूचित होते, आणि एक तर अंधाराशी झुंजताना आपले तारापण गमावलेला तारा आहे. म्हणजे हा आक्षेप पुस्तक अर्ध्यावर सोडणाऱ्याचा आहे. त्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. विश्वात पसरलेल्या अंधाराविरुद्ध पृथ्वीवरून कोण लढले, असा प्रश्न मुलांना विचारला जातो. पहिले नाव येशूचे येते. मागोमाग लिओनार्दो, मायकेलअँजेलो, शेक्सपिअर, बाख, पाश्चर, मादाम क्यूरी, आइन्स्टाइन, श्वाइट्झर, गांधी, बुद्ध अशी नावे येतात. १९९० मध्ये अलाबामा राज्यातील अ‍ॅनिस्टन येथील शाळांत या पुस्तकाला हरकत घेतली गेली ती नेमकी याच यादीला : देवाच्या पुत्राला कलावंत, शास्त्रज्ञ आणि इतर धर्मांचे प्रवर्तक यांच्या पंक्तीत का बसवले? गांधी आणि बुद्ध ही नावे पाहून सुखावणाऱ्या मराठी वाचकाला या यादीत आक्षेपार्ह काय, हे कदाचित समजावूनच द्यावे लागेल. उलट, कोणत्याही धर्मावर विश्वास नसलेल्या वाचकाला हीच यादी दुसऱ्या बाजूने खुपू शकते : सर्वांत आधी येशूच का?

अशा प्रसंगी पुस्तकाची बाजू घेणारे बहुधा ‘ही केवळ एक गोष्ट आहे’ असे उत्तर देतात. हे उत्तर सोयीचे आहे. तथापि वाचन म्हणून ते आक्षेपापेक्षाही दुबळे आहे. अ‍ॅनिस्टनच्या आक्षेपकाला पुस्तकात काहीतरी खरोखरच दिसले होते. त्या यादीत धर्मशास्त्रीय विधान आहे. प्रकाश एका धर्माच्या सीमेत मावत नाही, असे लेखिकेला म्हणावयाचे आहे. आक्षेपक ते विधान गांभीर्याने घेतो, तर समर्थक त्याला नगण्य ठरवून पुस्तक वाचवू पाहतो. फिश यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर दोघेही आपापल्या समुदायाच्या सवयीने वाचत आहेत. फरक इतकाच की आक्षेपकाने ते पान अधिक लक्षपूर्वक वाचले आहे.

परंतु दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते. ही यादी मुले सांगत आहेत, आणि तीही वर्गात प्रश्नोत्तरे चालावीत तशी. चार्ल्स वॉलेस आणि कॅल्व्हिन उत्साहाने नावे घेतात. मेगची पाळी येते तेव्हा ती युक्लिड आणि कोपर्निकस ही दोन नावे कशीबशी सांगते आणि लगेच विचारते, पण माझ्या वडिलांचे काय? ज्या यादीवरून वाचकांमध्ये एवढा वाद झाला, ती यादी नायिकेच्या दृष्टीने वाटेतला अडथळा आहे. थोर नावे उच्चारल्याने तिचा प्रश्न सुटत नाही. आणि वडील भेटल्यावरही तो सुटत नाही. वडील सर्वशक्तिमान नाहीत हे कळल्यावर ती त्यांच्यावर रागावते आणि त्या रागातून बाहेर पडल्यावरच भावाला सोडवण्यास एकटी परत जाते. श्रद्धा विधानात नव्हे तर या परत जाण्यात आहे. जडणघडणीच्या कादंबरीचा आकृतिबंध येथे विज्ञानकथेच्या आकृतिबंधावर मात करतो. प्रेमाने मेंदू हरतो हा शेवट विज्ञानकथेच्या अपेक्षेने वाचणाऱ्याला युक्तिवाद टाळल्यासारखा वाटतो, याचे कारणही हेच.

उत्तर न देणारी कादंबरी

ज्यूडी ब्लूम यांच्या ‘आर यू देअर गॉड? इट्स मी, मार्गारेट’ (१९७०) या कादंबरीत विज्ञानकथेचा अंश नाही, म्हणून तुलना उद्बोधक ठरते. मार्गारेटचे वडील ज्यू, आई ख्रिस्ती; मुलीला कोणताच धर्म दिलेला नाही. ती देवाशी मात्र एकांतात बोलते. शाळेच्या वर्षभराच्या प्रकल्पासाठी ती सिनेगॉग आणि चर्च यांना भेटी देते आणि वर्षाअखेरीस शिक्षकांना कळवते की तिचा निर्णय झालेला नाही. या पुस्तकावर गदा आली ती मुख्यतः मासिक पाळीच्या मोकळ्या उल्लेखांमुळे. पण धर्माविषयीचे हे अनिर्णित उत्तरही अनेकांना मानवले नाही. लेंगल यांनी चुकीचे उत्तर दिले असा आक्षेप होता, ब्लूम यांनी उत्तरच दिले नाही असा. मार्गारेटचे देवाशी बोलणे थांबते ते आई-वडील आणि आजी-आजोबा यांच्या भांडणानंतर, आणि पुन्हा सुरू होते ते तिची पहिली पाळी येते तेव्हा. तिच्या शरीराचे वयात येणे आणि तिची प्रार्थना यांत लेखिका भिंत घालत नाही. पुस्तकाचे सामर्थ्य येथे आहे आणि वादाचे मूळही.

श्रद्धावान वाचक एका सुरात बोलतात हा समजही तपासून पाहावा लागतो. फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’ (१९९५-२०००) या त्रयीतील धर्मसत्ता उघडच जुलमी आहे. पहिल्या भागावरील चित्रपट २००७ मध्ये आला तेव्हा अमेरिकेतील कॅथलिक लीगने बहिष्काराचे आवाहन केले. त्यापूर्वी २००४ मध्ये तत्कालीन कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी मात्र या कथेच्या नाट्यरूपाची प्रशंसा करून लेखकाशी जाहीर संवाद साधला होता. जो देव या कथेत मरतो तो आपला देव नव्हे, असे एक श्रद्धावान वाचक म्हणू शकतो; दुसऱ्याला तो आपलाच वाटतो.

यादीचे पुढे काय झाले

‘अ रिंकल इन टाइम’वर २०१८ मध्ये आव्हा ड्युव्हर्ने यांनी चित्रपट केला. त्यात येशूचे नाव आणि बायबलची वचने वगळली आहेत. मिसेस हू तेथे रूमी आणि बुद्ध यांची वचने सांगते. ज्या यादीवरून पुस्तक कपाटातून काढण्याची मागणी झाली, तिच्यातले पहिलेच नाव गाळले गेले, आणि या वेळी ख्रिस्ती वाचकांनी तक्रार केली ती ते नाव नाही म्हणून. कादंबरीत मेग एकटी परत निघते तेव्हा मिसेस हू तिला देणगी म्हणून ‘करिंथकरांस पहिले पत्र’ यातील उतारा देते, ज्यात देव जगातील दुर्बळांची निवड करतो. चित्रपटात तो उतारा नाही.