हृदयाची खबर लघवीतून

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातले डॉ. रिचर्ड ब्राइट रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती गढूळ झाली की तिच्यात प्रथिन उतरलंय आणि मूत्रपिंडं बिघडलीत, असं ते ताडत. त्यांचं हे निरीक्षण १८२७ साली प्रसिद्ध झालं. पुढे शवविच्छेदनं करताना त्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. अशा अनेक रुग्णांची हृदयंही जाड झालेली होती.

ब्राइट पाहत होते ते आजार पार विकोपाला गेलेले रुग्ण. लघवीतलं हे प्रथिन, म्हणजे अल्ब्युमिन, अगदी किंचित असलं तरी मोजण्याची सोय व्हायला १९६३ साल उजाडलं आणि तेव्हा खरी गंमत कळू लागली. डेन्मार्कचे डॉ. कार्ल एरिक मोगेन्सन यांनी १९८४ साली दाखवून दिलं, की मधुमेहींच्या लघवीत थोडंसं अल्ब्युमिन जात असेल, तरी त्यांना अकाली मृत्यूचा धोका जास्त असतो. त्यांतले बरेचसे मृत्यू हृदयविकाराने आणि रक्तवाहिन्यांच्या दुखण्यांनी होत होते.

मग मधुमेह नसलेल्यांचं काय? नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात १९९७-९८ मध्ये सुमारे ८५ हजार नागरिकांना घरपोच एकेक छोटी बाटली गेली. जवळपास ४० हजार जणांनी त्यात सकाळची लघवी भरून ती परत पाठवली! (टपालखात्याच्या सोशिकतेला दाद द्यायला हवी.) २००२ साली निष्कर्ष आले. अल्ब्युमिनचं प्रमाण दुप्पट झालं, की हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूचा धोका साधारण २९ टक्क्यांनी वाढत होता. ‘नॉर्मल’ मानल्या जाणाऱ्या पातळीतही ही चढण दिसत होती.

असं का व्हावं? प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि सगळ्या मिळून दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात. या गाळण्या म्हणजे केशवाहिन्यांचेच गुंते. रक्तदाब, साखर, तंबाखू यांनी रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, ते एकट्या मूत्रपिंडात नाही, सगळ्या शरीरात. हृदयाच्या धमन्यांतली खराबी बाहेरून दिसत नाही. मूत्रपिंडातली मात्र लघवीत अल्ब्युमिन सोडून स्वतःच खबर देते.

आपल्याकडे गफलत होते ती तपासणीतच. ‘युरिन रुटीन’च्या रिपोर्टवर ‘प्रोटीन निल’ दिसलं, की माणूस निर्धास्त होतो. पण त्या तपासणीत लघवीत बुडवतात त्या पट्टीला थोडं अल्ब्युमिन बहुधा कळतच नाही. त्यासाठी ‘युरिन एसीआर’ (लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर) ही वेगळी तपासणी लागते. त्यात आकडा (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) ३० च्या आत हवा. ३० ते ३०० म्हणजे धोक्याची सूचना. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा दमवणारा व्यायाम यांनीही तो तात्पुरता वाढतो, म्हणून एका रिपोर्टवर घाबरायचं नाही, तपासणी पुन्हा करायची. आणि प्रथिन जातंय म्हणून मनानेच प्रोटीन पावडर सुरू करणं हा तर उलटाच उद्योग.

उपाय आहेत. रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची औषधं आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या ही गळती कमी करतात. कोणती कुणाला, हे अर्थातच डॉक्टरांनी ठरवायचं. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा साखरेसोबत एसीआरही करून घ्यावी. डॉक्टरांनी लिहून दिली नसेल, तर आपण होऊन विचारावं.