आहाराचा सल्ला कोणाचा मानावा?

मुलाला पौष्टिक पूड पाजावी की वरणभात भरवावा, असा प्रश्न पडलेली आई शेजारणीला विचारते, वैद्याला विचारते आणि बहुधा डब्यावरील जाहिरातीवर विसंबते. जाहिरात माल खपविण्यासाठी असते, हे कोणालाही समजते; परंतु थोर संस्थांचेही अंदाज चुकतात, हे सहसा ध्यानात येत नाही. १९६८ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रसंघाने जगावर प्रथिनांच्या टंचाईचे संकट येत असल्याचा इशारा दिला होता. हैदराबादच्या पोषण-संशोधन संस्थेतील डॉ. गोपालन आणि मूळचे सातारा जिल्ह्यातील संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांना तो पटला नाही. धान्य आणि डाळ पोटभर मिळाली तर मुलाला प्रथिने बहुधा पुरतात. उणीव पडते ती मुख्यतः अन्नाचीच, असे त्यांचे प्रतिपादन होते. अर्धपोटी मुलाच्या अन्नातील प्रथिनेही शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. मग महागडी पूड पाजून काय साधणार? पुढे जगातील पोषणतज्ज्ञ बहुतांशी याच मताकडे वळले.

हैदराबादची ही संस्था १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरीच्या संशोधनासाठी सुरू झाली. १९३७ साली निघालेली तिची अन्नकोष्टके वेळोवेळी सुधारली गेली. २०१७ च्या कोष्टकांत देशाच्या सहा विभागांतून नमुने आणून ५२८ पदार्थ नव्याने तपासलेले आहेत. बाजरीत लोह किती, याचा वाद पडला तर प्रथम तेथे पाहावे. मधुमेही किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याला मात्र कोष्टक पुरे पडत नाही. त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.