आपला कोण, परका कोण?

मुलांनो, आमच्या पालीकडे घराच्या राखणीला कुत्रा पाळतात. अनोळखी माणूस अंगणात आला, की तो भुंकून वाडी गोळा करतो. पण घरातल्या पोरानं शेपूट ओढली, तरी चावत नाही! आपला कोण नि परका कोण, हे तो पिल्लू असतानाच शिकतो.

आपल्या रक्तातही असे राखणदार असतात. त्यांचं नाव टी-पेशी. त्या जन्मतात हाडांतल्या मगजात, पण त्यांची शाळा भरते छातीत. छातीच्या मधल्या हाडावर हात ठेवा बघू! त्याच्या मागे, हृदयाच्या जरा वर, थायमस ग्रंथी आहे. वयात आल्यावर ती आक्रसत जाते, म्हणून मराठीत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हणतात. पूर्वी ती बिनकामाची समजत. १९६१ साली जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली, तेव्हा ते रोगांपुढे टिकेनात.

या शाळेत दोन परीक्षा असतात. पहिली, शरीरातल्या पेशींवरची ओळखखूण वाचता येते का? दुसरी त्याहून अवघड. थायमसमधल्या काही पेशी दूरच्या अवयवांचे पदार्थ, अगदी स्वादुपिंडातलं इन्सुलिनसुद्धा, थोडं थोडं स्वतः बनवून दाखवतात. जी टी-पेशी त्यावर तुटून पडते, ती बहुधा तिथंच मरते. शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच पास होतात!

तरी एखादी नापास पेशी निसटतेच. तिला आवरायला खास ‘नियंत्रक’ टी-पेशी फिरत असतात. त्यांच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड राम्सडेल यांना २०२५ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आणि आवरणंही जमलं नाही तर? मग राखणदारच घरच्यांना चावतात. ते इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात आणि लहान मुलांनाही मधुमेह होतो. याला ‘टाइप १’ म्हणतात. अशा मुलाला रोज इन्सुलिन घ्यावं लागतं.

तुमच्या वर्गात असं कोणी असेल, तर एवढं लक्षात ठेवा. हा आजार गोड खाल्ल्यानं झालेला नाही आणि शेजारी बसल्यानं तो लागत नाही. त्याला तासाच्या मध्येच खावं लागलं, तर हसू नका. तो थरथरू लागला, घामाघूम झाला, तर लगेच गुरुजींना किंवा बाईंना हाक मारा. वेळेवर मिळालेली साखर त्याला सावरते.

त्याच्या राखणदारांची ओळख चुकली, पण तुमची चुकू देऊ नका. तो आपलाच आहे!