शब्द प्रमाण कीं हेतु प्रमाण ?

व्यापारी मनुष्यास करारपत्राचें महत्त्व सांगावें लागत नाहीं. कागदावर एक लिहून माझ्या मनांत दुसरेंच होतें अशी सबब कोणी सांगूं लागला, तर पंच आधीं कागद वाचतात. मनांतील गोष्टींचा विचार मागाहून. राज्याचा कायदा वाचतांना हीच रीत पाळावी कीं काय, हा वाद दिसतो तितका पंडिती नाहीं. जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटी येथें ऑगस्ट २०२३ मध्यें मराठा आरक्षणासाठीं जें उपोषण सुरू झालें, त्याच्या मागें असलेल्या निकालांत या वादाला मोठें स्थान होतें.

२०१८ च्या १०२ व्या दुरुस्तीनें घटनेंत ३४२ अ हें कलम आलें. घटनेच्या प्रयोजनार्थ मागासलेले वर्ग कोणते, हें राष्ट्रपतींनीं जाहीर करावें, असे त्याचे शब्द. मग राज्यांचा अधिकार उरला कीं गेला ? तो उरला असें मानून मुंबई हायकोर्टानें २७ जून २०१९ रोजीं राज्याचा आरक्षणाचा कायदा, प्रमाण घटवून, कायम केला. ५ मे २०२१ रोजीं सुप्रीम कोर्टाच्या पांच न्यायमूर्तींनीं, पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिति नाहीं म्हणून, तें आरक्षण रद्द केलें. त्यांत दुमत नव्हतें. दुमत झालें तें ३४२ अ वर. न्या. भूषण व न्या. नझीर यांनीं प्रवर समितीचा अहवाल व मंत्र्यांचीं निवेदनें पाहून, राज्यांचा अधिकार काढण्याचा संसदेचा हेतु नव्हता, असें म्हटलें. न्या. राव, न्या. गुप्ता व न्या. भट यांनीं शब्द स्पष्ट आहेत, म्हणून अधिकार राष्ट्रपतींचाच, असें ठरविलें.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. जैमिनीच्या मीमांसेंत श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान व समाख्या अशीं सहा प्रमाणें क्रमानें सांगितलीं आहेत. विरोध आल्यास आधींचें बलवत्तर. साक्षात् शब्द पहिला, संदर्भ त्यानंतर.

आमच्या मतें हाच क्रम योग्य आहे. नागरिकाच्या हातीं पडतात ते शब्द. मंत्र्यांचीं आश्वासनें त्याच्या हातीं पडत नाहींत. शब्दांचे दोन अर्थ संभवतील तेथें मात्र हेतु पाहिलाच पाहिजे, नाहीं तर न्याय कोशाचा गुलाम होईल. शब्द चुकला असेल तर तो दुरुस्त करणें संसदेचें काम. आणि तिनें तें केलेंही. ऑगस्ट २०२१ मध्यें संमत झालेल्या १०५ व्या दुरुस्तीनें राष्ट्रपतींची यादी केंद्रापुरती ठरली, व राज्यांस आपली यादी करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत मिळाली. हेच शब्द २०१८ सालीं घातले असते, तर निदान या एका मुद्यावर राज्यांस कोर्टांत झगडावें लागलें नसतें.

आतां २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयानें निजामी अमलांतील हैदराबाद गॅझेटियर पुढें आलें आहे. जुन्या दप्तरांतील 'कुणबी' या शब्दाचा अर्थ किती व्यापक धरावा, हाही अर्थनिर्णयाचाच प्रश्न. मराठा व इतर मागासवर्गीय एकाच बाजारपेठेंत शेजारीं बसतात. दोघांसही आमचें सांगणें एकच : वाचनाचा नियम आधीं ठरवा, लाभ मागाहून मोजा. निकाल पाहून नियम निवडणारा आज जिंकेल. पण उद्यां तोच नियम प्रतिपक्षाच्या हातीं असेल, तेव्हां त्याला तक्रारीस जागा उरणार नाहीं.